ज्वारीत ठेवलेली हार्ड डिस्क

माझ्या थोरल्या जावेचा आवाज मी पाच महिने ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवला होता. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारी काहीतरी गूढ बोलतेय. तसं काही नाही. आवाज एका काळ्या डबीत होता, डबी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात होती आणि तो तुकडा ज्वारीत होता. हे सगळं मी शहाणपणानं केलं. माझ्या हातून आजवर जे जे वाटोळं झालं ते शहाणपणानंच झालं. वेडेपणा करायला मला कधी सवड मिळाली नाही.

आमचं गाव म्हसवडच्या पलीकडं, माळावर. आमची घरं मेंढरांमागं फिरणारी. पाऊसकाळात गावी, बाकीचं वर्ष वाटेवर. त्यामुळं माझी शाळाही पाऊसकाळापुरतीच असायची. चौथीपर्यंत पोचायला मला सात वर्षं लागली, आणि पोचले तोवर लग्न ठरलं. लिहिता-वाचता येतं, आणि येतं याचा तोराही आहे. जावेला अक्षर येत नाही. पन्नास वर्षं आम्ही एका अंगणात राहतोय आणि या एकाच बाबतीत मी तिच्या वरचढ आहे. बाकी सगळ्यात ती. मेंढरू ओळखण्यात ती, भाकरीत ती, भांडणात तर तीच.

आणि गळ्यात. तिच्यासारखा गळा आमच्या भावकीत कुणाला नव्हता. आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी घाणा भरतात. दोन मुसळं एकत्र बांधायची, पाच सवाष्णींनी ती धरायची, उखळात हळकुंडं कांडायची आणि त्या ठेक्यावर गाणं म्हणायचं. गाणं म्हणजे लग्नाचं आवतणच. आधी देवांना बोलवायचं, गावचा देव, कुळाचा देव, म्हसवडचा सिद्धनाथ, मग बिरोबा, मग वाटेवरचे सगळे. देव झाले की माणसं. नवरीचा मामा, आत्या, मावश्या, थोरल्या-धाकट्या घरची सोयरीक, एकेक घर गावासकट. एखादं घर राहिलं तर ते घर जेवताना तोंड फिरवून बसतं आणि पुढं दहा वर्षं ते काढतं. हे सगळं ओळीनं पाठ असणारी जाऊ एकटीच होती. आम्ही दोघीही विधवा. मुसळाला आमचा हात चालत नाही, गळा मात्र चालतो. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही, कारण कांडायचं काम जड असतं.

दोन वर्षांपूर्वी जावेचा घसा दुखायला लागला. मिरजेला दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं, आतली आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तिनं दवाखान्यात काही विचारलं नाही. एसटीत बसल्यावर म्हणाली, "मग नातीचा घाणा कोण म्हननार?"

"हाय की आमी," मी म्हणाले.

"तू?" ती म्हणाली, आणि विट्यापर्यंत हसत राहिली. एवढं हसल्यावर पुढं तिला खोकलाच आला.

ऑपरेशनला आठ दिवस होते. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मोबाइलवर आवाज भरता येतो. लेकीनं मला तो दिलाच होता. रोज दुपारी गोठ्यामागच्या सावलीत तिला बसवायचं आणि बटण दाबायचं. घाणा तिनं सलग म्हटला. नातीचं नाव घालून, सगळी घरं घेऊन. मध्ये पाणी प्यायला थांबली तेवढीच. त्याशिवाय हळदीची गाणी, पाळण्याची, मेंढरांना हाकारायची, आणि मेंढराला कुठला रोग झाला तर काय पाजायचं त्याची माहिती. एकूण एक्केचाळीस तुकडे झाले. मी वहीत आकडा लिहून ठेवला. आकडा अजून आहे.

ऑपरेशन झालं. ती बरी होऊन आली. गळ्याला भोक, त्यावर रुमाल, आणि आवाज काही नाही. श्वास त्या भोकातून येतो-जातो. पहिल्या महिन्यात मला तिच्याशी भांडायला मजा आली, कारण ती उलट बोलू शकत नव्हती. दुसऱ्या महिन्यात ती ताटलीवर बोटं वाजवायला शिकली. एक टिचकी म्हणजे बरोबर, दोन म्हणजे चूक. माझ्या वाट्याला आजवर एक टिचकी फार कमी आली.

आता कॉम्प्युटरकडं येते. माझी लेक सांगलीला शाळेत शिकवते. तिनं नवा घेतला तेव्हा जुना मला आणून दिला. तो शिलाई मशीनच्या टेबलावर बसवला, कारण शिवणकामापुरते डोळे उरले नव्हते. पडद्यावरची अक्षरं मोठी करता येतात, सुईचं भोक मोठं करता येत नाही. एका बोटानं मी टाइप करायला शिकले. फोन भरला म्हणून लेकीनं सांगितलं तसे आवाजाचे ते सगळे तुकडे मी कॉम्प्युटरवर घेतले. घेतले आणि फोनमधून लगेच पुसून टाकले. माझी पहिली चूक ही, पण तिचा मला अभिमान होता.

दिवाळीला लेक आली ती काळी डबी घेऊन. तळहाताएवढी, एक आखूड वायर. वायर कॉम्प्युटरला लावली की पडद्यावर नवं घर उघडतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कॉम्प्युटर जुना आहे, आई. एक दिवस बंद पडला की काकूचा आवाज गेला. म्हणून एक प्रत यात, एक कॉम्प्युटरवर. दोन्हीकडं राहू दे."

"येकच वस्तू दोन जागी?"

"दोन जागी. खरं तर तीन पाहिजेत."

"आन् जागा किती अडल?"

"जागेची काळजी तू करू नको. यात अख्खं गाव मावंल."

मी मान हलवली. मला मान हलवताना पाहिलं की माझ्या लेकीनं घाबरायला पाहिजे, पण ती शिकलेली आहे.

तिनं वहीत ओळीनं लिहून दिलं. कुठं दाबायचं, काय निवडायचं, कॉपी कसं, पेस्ट कसं. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. डबी नुसती ओढून काढायची नाही. आधी पडद्यावर 'काढतो' असं सांगायचं, त्यानं 'काढा' म्हटलं की मगच वायर काढायची. हा नियम मी उपासासारखा पाळला. त्यानं 'काढा' म्हणेपर्यंत मी हात मागं बांधून उभी राहायचे. बाकी जे महत्त्वाचं होतं, ते मला जमलं तसं मोडलं.

त्याचं असं आहे. माझं लहानपण एका घोड्याच्या पाठीवर मावेल एवढ्या संसारात गेलं. एक तवा, एक परात, एक हंडा, माणशी एक घोंगडं. मुक्काम हलला की सगळं घोड्यावर. दुसरा तवा घ्यावा असं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही, कारण तो कुणीतरी वाहायचा असतो. कोकरू दमलं की घोड्यावर बसवायला जागा लागते. एकासारखी दुसरी वस्तू दिसली की आजही माझ्या हाताला खाज सुटते. घरात दोन झाडू झाले तर एक मी कुणाला तरी देऊन टाकते. त्या कॉम्प्युटरवर एक्केचाळीस तुकडे आणि डबीत तेच एक्केचाळीस. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरवरचे पुसले. नुसते पुसले नाहीत, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. टोपलीत कचरा ठेवायची मला सवय नाही.

आणि मोकळ्या झालेल्या जागेत काय भरलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. एडक्यांच्या टकरी. जत्रेत दोन एडके समोरासमोर आणून लढवतात ना, त्याचे व्हिडिओ. लोक पाठवतात, मी साठवते. कॉम्प्युटर भरत आला तरी मी थांबले नाही.

राहिली डबी. लेकीनं सांगितलं होतं, कोरड्या जागी ठेव, ऊन नको, धूळ नको, कुणाचा हात नको. अशी जागा माझ्या घरात एकच आहे. ज्वारीची पत्र्याची कोठी. आमच्या घरातलं जे काही मोलाचं ते कायम ज्वारीत राहिलं आहे. माझी बोरमाळ तिथंच असायची, जमिनीचे कागद तिथंच असायचे. चोर कितीही हुशार असला तरी अख्खी कोठी उपसत नाही. मी डबी लुगड्यात गुंडाळली, कोपरापर्यंत हात घालून खाली सरकवली आणि वरून ज्वारी सारखी केली.

ज्वारीत किडे होऊ नयेत म्हणून गोळ्या होत्या. विषारी गोळ्या, फडक्यात बांधून ठेवतात त्या. फाल्गुनात नवा शाळू आला, तो वर ओतला आणि आणखी गोळ्या टाकल्या. मी कशातच कमी पडत नाही.

चैत्रात जावेच्या नातीचं लग्न जमलं. तारीख धरली वैशाखातली. त्या संध्याकाळी जाऊ माझ्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. कानामागं हात धरला, मग दोन्ही मुठी वरखाली करून मुसळ दाखवलं. म्हणजे, घाणा ऐकव.

"उद्या ऐकवते, आक्का," मी म्हणाले. कोठी उपसायची तर दिवस पाहिजे.

दुसऱ्या दिवशी डबी काढली. फडक्याला लसणासारखा उग्र वास होता. पुसली, वायर लावली. पडदा आपला गप्प. पुन्हा लावली. डबीतून एकदा 'टक' असं ऐकू आलं, नंतर तेही नाही. मी वायर उलटी लावून बघितली, ती उलटी लागत नाही. डबी उन्हात ठेवून बघितली. शेवटी देवापुढंही ठेवली, पण ते मी लेकीला सांगितलेलं नाही.

तीन दिवस मी जावेला थापा मारल्या. पहिल्या दिवशी सांगितलं, चार्जिंगला लावलंय. दुसऱ्या दिवशी सांगितलं, रेंज नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, कॉम्प्युटर तापलाय, थंड होऊ दे. तिनं तिन्ही वेळा ऐकून घेतलं. मग स्वतःचा फोन कमरेतून काढला, माझ्यासमोर धरला, त्यावरची बॅटरी बोटानं दाखवली, रेंज दाखवली आणि गालाला लावून तापलेला नाही हेही दाखवलं. तिला अक्षर येत नाही, एवढंच.

मग मी लेकीला फोन केला. सगळं खरं सांगितलं.

"कॉम्प्युटरवर आहे ना पण?" तिनं विचारलं.

"तिथं एडके हायती."

"आई."

"जागा अडत हुती गं."

"दोन्ही घेऊन ये," ती म्हणाली. "डबी पण आणि कॉम्प्युटरचा डबा पण. आणि आता कशालाही हात लावू नको. पुसू नको, झाडू नको, ऊन दाखवू नको."

मी सकाळच्या गाडीनं निघाले. कॉम्प्युटरचा डबा घोंगड्यात बांधून मांडीवर घेतला, डबी कनवटीला. कंडक्टर आला. बोचक्याकडं बघून म्हणाला, "मावशी, कोंबडी असंल तर तिकीट लागंल."

"कॉम्प्युटर हाय."

"कुणाचा?"

"माझा."

त्यानं मागच्या बाकावरच्यांकडं बघितलं. "घ्या. आता आमीच मागं राहिलो." आणि सांगली येईपर्यंत जो कुणी चढेल त्याला तो माझ्याकडं बोट दाखवत होता. वाटेत एका बाईनं विचारलं, आजी, यावर पोरीचं स्थळ बघता येतं का. मी म्हटलं, येतं, पण माझ्याकडं देऊ नको.

सांगलीला लेक स्टँडवर आली होती. तिनं एका जिन्याखालच्या दुकानात नेलं. दुरुस्ती करणारी बाई होती, लेकीच्याच वयाची, कपाळावर चढवलेलं भिंग, समोर पेचकसांची ओळ. तिनं डबी उघडली. आतली हिरवी पाटी मला दाखवली. पाटीवरच्या बारीक रेघा काळ्या पडल्या होत्या, कडेला हिरवट फुगा आला होता.

"आजी, पाण्यात पडली होती का?"

"न्हाई."

"बॅटरीचं पाणी? अ‍ॅसिड?"

"न्हाई. कोरड्या जागी हुती."

"कुठं?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. लेक म्हणाली, "सांग."

"कोठीत."

"कसल्या कोठीत?"

"ज्वारीच्या."

त्या बाईनं पेचकस खाली ठेवला. "ज्वारीत गोळ्या होत्या?"

"गोळ्या नसत्या तर किडं लागलं असतं."

"डिस्कला?" लेक म्हणाली.

"ज्वारीला."

बाई हसली नाही. तिनं मला नीट समजावलं. त्या गोळ्यांतून वायू निघतो, किडा त्यानं मरतो, पण तोच वायू तांब्याला खातो. पाटीवरच्या सगळ्या रेघा तांब्याच्या. पाच महिने बंद कोठीत तो खातच बसला होता. वर म्हणाली, "आजी, त्या गोळ्या माणसाला पण वाईट. घरातल्या धान्यात ठेवू नका." हे मला लेक दहा वर्षं सांगत होती. मी मान हलवली, आणि लेक या वेळी घाबरली.

"दुसरी प्रत?" बाईनं विचारलं.

मी घोंगडं सोडून कॉम्प्युटरचा डबा पुढं केला. तिनं तो तासभर तपासला. पुसलेल्या गोष्टीसुद्धा कधीकधी परत मिळतात म्हणे, त्यांच्या जागेवर दुसरं काही ठेवलं नसेल तर. तिनं पडदा माझ्याकडं वळवला. एडका मागं सरकला, धावत आला, धडक मारली. "हे सगळं त्याच जागेवर बसलंय," ती म्हणाली. "भरपूर आहे."

डबी आठ दिवस तिच्याकडं राहिली. तशीच दुसरी पाटी शोधून बसवणार होती. मिळेल तेवढं मिळेल, शब्द देत नाही, असं तोंडावर सांगितलं. मला ती बाई आवडली.

गावी आल्यावर जावेला सांगणं भाग होतं. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर धीर सुटला असता. पुसलं, पुरलं, गोळ्या टाकल्या, आता सांगलीला आहे, मिळेल का माहीत नाही. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. उठली, माझ्या घरात गेली, कोठीचं झाकण काढलं, ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून माझ्यासमोर उघडा धरला. मुठीत ज्वारीसुद्धा घेतली नव्हती. मग झाकण नीट लावलं आणि घरी गेली.

तिला काय वाटलं असेल याचा विचार करायची मला सवय नाही, पण त्या आठ दिवसांत करावा लागला. ती माझ्या दारात आली नाही. अंगण एकच असल्यामुळं न येणं कठीण असतं, तिनं ते नीट जमवलं. गळा गेला तेव्हा ती रडली नव्हती. गळा माझ्याकडं ठेवलाय अशा भरवशानं ती दोन वर्षं गप्प राहिली होती. आणि मी तो झाडून-पुसून, नीट घडी करून घालवला.

नवव्या दिवशी लेकीचा फोन आला. एक्केचाळीसातले एकोणीस मिळाले. दोन दिवसांनी ती स्वतः घेऊन आली, लग्नाची रजा काढून. आम्ही तिघी शिलाई मशीनसमोर बसलो. जाऊ आली, पण खुर्ची माझ्यापासून लांब ओढून बसली. लेकीनं एकेक तुकडा लावला. एकात जाऊ शेळीला शिव्या देत होती. एकात मेंढराच्या खुराला काय लावायचं ते सांगत होती. तीन तुकड्यांत तर नुसती मीच बोलत होते, लागलं का गं हे, लाल दिवा दिसतोय का, असं. एवढे तुकडे गेले आणि हे वाचले.

मग घाणा लागला. आमच्या गोठ्यामागची चिमणी आधी ऐकू आली, मग ती. दोन वर्षांत मी विसरले होते, आवाज एवढा मोठा होता. जावेनं गळ्यावरच्या रुमालावर हात ठेवला आणि तसाच धरून बसली. गावचा देव आला, कुळाचा आला, सिद्धनाथ, बिरोबा, वाटेवरचे सगळे आले. शेवटचा देव संपला, ती माणसांकडं वळली, "मामा" एवढं म्हटलं आणि पुढं नुसती खरखर. लेकीनं मागंपुढं करून बघितलं. पुढं काही नव्हतं. देव तेवढे वाचले, माणसं सगळी गेली.

जावेनं माझ्याकडं बघितलं. मग बोट माझ्यावर रोखलं आणि दोन्ही मुठींनी मुसळ दाखवलं.

"मी?"

एक टिचकी.

"आक्का, मला सूर न्हाई."

एक टिचकी. म्हणजे तेही बरोबर.

लग्नाला चार दिवस उरले होते. घरं कुठली, कुठल्या ओळीनं, ते तिला ठाऊक, पण सांगायला तोंड नाही आणि लिहायला अक्षर नाही. मला लिहायला येतं, पण ठाऊक काही नाही. मी गावांची नावं घेत जायची आणि ती टिचक्या मारायची. दहिवडी, एक टिचकी. आटपाडी, दोन. म्हणजे आटपाडी आहे, पण आत्ता नाही. तिथं सोयरीक कुणाची, आत्याची की मावशीची, हे काढायला एक दुपार गेली. एकदा तर ती दिशा दाखवत होती आणि मी त्या दिशेची सगळी गावं लोणंदपर्यंत म्हणत गेले. शेवटी कळलं की तिला कोंबडी हाकलायची होती. चार दिवसांत मी बत्तीस घरं वहीत उतरवली.

घाण्याच्या दिवशी मांडवात बायका जमल्या. मुसळं बांधली, हळकुंडं टाकली, पाच जणींनी हात लावला. लेकीनं मोठ्या स्पीकरला फोन जोडला. जावेचा आवाज मांडवात उमटला तेव्हा कांडणाऱ्या बायकांचा ठेका चुकला, एकमेकींच्या बोटांवर मुसळ येता येता राहिलं. नवरी आजीला चिकटून बसली होती. देव संपेपर्यंत कुणी जागचं उठलं नाही. मग "मामा" म्हणून आवाज थांबला, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी वही डोळ्यांसमोर धरली आणि गायले. गायले म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. मांडवाच्या मागं बांधलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. एक पाहुणी दुसरीला म्हणाली, "आवाज तर बरा हुता की मगाशी, काय झालं?" दुसरी म्हणाली, "मगाशी ती न्हवती, ती मशीन हुती." मी घर घर घेत गेले. मामा, आत्या, मावश्या, धाकट्या घरची, थोरल्या घरची. एकतीस घरं. वही मिटली आणि खाली बसले.

ताटली वाजली. दोन टिचक्या. मग पुन्हा दोन, आणि मग ती सारखी वाजवतच राहिली.

मी वही उघडली. पान चिकटलं होतं. राहिलेलं घर तिचंच माहेर होतं, आणि तिचे भाऊ, भाचे, अख्खी गाडी भरून आलेले, समोरच्या सतरंजीवर बसले होते. त्यांनी अजून तोंड फिरवलं नव्हतं, पण तयारीत होते. मी पुन्हा उभी राहिले. मुसळं थांबली होती, ती पुन्हा धरायला लावली, आणि तेवढं एकच घर दोन कडव्यांत घेतलं. दुसरं कडवं मी तिथंच जुळवलं. त्यात तिची मूर्ख जाऊ म्हणून माझाच उल्लेख आला, कारण यमक तिथं जुळत होतं. जावेचा थोरला भाऊ हसला. जाऊ हसली की तिच्या गळ्यावरचा रुमाल हलतो. तो हलला.

लग्न पार पडलं. एकोणीस तुकडे आता तीन ठिकाणी आहेत, लेकीकडं, नवरीच्या फोनमध्ये आणि माझ्याकडं लोखंडी ट्रंकेत. माझ्या ट्रंकेतली डबी मी महिन्यातून एकदा काढून लावून बघते. तेच ते तीन ठिकाणी ठेवायचं मला अजून पटलेलं नाही, पण आता माझं पटणं कुणी विचारत नाही.

राहिलेला अर्धा घाणा आम्ही पुन्हा भरतोय. पुढच्या वर्षी धाकट्या नातीचं जमेल, त्याच्या आत झाला पाहिजे, असं जावेनं बोटांनी सांगितलंय. आवाज माझा, ओळ तिची. दुपारी गोठ्यामागं बसतो, मी बटण दाबते आणि गाते, ती ताटली मांडीवर घेऊन ऐकते. काल सगळी बत्तीस घरं बिनचूक झाली. तिचं माहेर तर मी न सांगता आधी घेतलं. तिनं दोन टिचक्या मारल्या.

"आता काय राहिलं, आक्का?"

तिनं माझ्या गळ्याकडं बोट केलं आणि तोंड वाकडं केलं.

"ते न्हाई सुधारायचं आता."

तिनं हात हलवला. पुन्हा. मी बटण दाबलं.